एकाच मुलाची दोन मापं

सुट्टीच्या दिवशी सकाळी कुठल्याही मोठ्या मनोरंजन उद्यानाच्या तिकीट खिडकीपाशी थोडा वेळ थांबलं, की एक प्रसंग हमखास बघायला मिळतो. खिडकीशेजारच्या भिंतीवर उंचीची पट्टी रंगवलेली असते. आई मुलाला पट्टीला टेकून उभं करते आणि हळूच सांगते, "गुडघे जरा वाकव, मान खाली घे." मूल वाकतं, मुलांच्या दराचं तिकीट मिळतं आणि काहीशे रुपये वाचतात. दोन तासांनी तेच कुटुंब रोलर कोस्टरच्या रांगेत पुढे सरकत येतं. इथेही पट्टी असते. आता बाबा मुलाच्या पाठीला हात लावून म्हणतात, "ताठ उभा राहा. टाचा उचल थोड्या." तरीही डोकं रेघेच्या खालीच राहिलं, तर दारावरच्या पोराला विनवणी सुरू होते : "दादा, बोटभर तर कमी आहे. इतक्या लांबून आलोय, सोडा ना."

या कुटुंबाला दोष देणं सोपं आहे. पण एकाच दिवसात, एकाच आवारात, एकाच मुलाला आधी बुटकं आणि मग उंच व्हायला लावण्याची सोय उद्यानांनीच करून ठेवली आहे. पैशाचा हिशेब उंचीवर आणि जिवाचा हिशेबही उंचीवर. पहिल्या पट्टीपाशी घासाघीस चालते हे एकदा कळलं, की दुसऱ्या पट्टीपाशीही ती चालावी असं माणसाला वाटणारच. म्हणून तिकिटाचा दर उंचीवर ठरवणं उद्यानांनी बंद करावं. उंचीची रेघ फक्त राइडच्या दाराशी असावी आणि तिथे तिच्यावर बोलणीच होऊ नयेत.

एसटीत ५ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट लागतं. रेल्वेतही सवलत वयावरच आहे. कंडक्टर खिशातून टेप काढून मुलाचं माप घेत नाही. मनोरंजन उद्यानांत मात्र वेगळा रिवाज रुळला. वंडरलाच्या उद्यानांत ८५ सेंटिमीटरपेक्षा लहान मूल फुकट, ८५ ते १४० पर्यंत मुलांचं तिकीट आणि त्यापुढे मोठ्यांचं, असा हिशेब राहिला आहे. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण देशातल्या बऱ्याच मोठ्या उद्यानांची पद्धत हीच आहे. तिच्यामागे एक तर्क आहे आणि तो चुकीचा म्हणता येत नाही. ज्याची उंची १४० च्या वर, त्याला जवळपास सगळ्या राइड खुल्या. तो पूर्ण मजा घेणार, तर त्याने पूर्ण पैसे द्यावेत. शिवाय उंची डोळ्यांना दिसते. आधार कार्ड घरी राहिलं म्हणून खिडकीवर भांडण होत नाही.

हा तर्क खरा करायचा असेल, तर त्याची दुसरी बाजूही पाळायला हवी. खिडकीवर जे माप निघालं तेच दिवसभर धरायचं. १४० च्या आत म्हणून मुलांच्या दरात आत सोडलेल्या मुलाच्या मनगटावर त्या रंगाचा पट्टा बांधायचा आणि तो पट्टा असलेलं मूल १४० ची अट असलेल्या राइडच्या रांगेत उभंच राहू शकणार नाही, असं करायचं. मग गुडघे वाकवण्याआधी आई दोनदा विचार करेल. पण त्याहून सरळ वाट वयाचीच आहे. वयाबद्दल कुणी खोटं बोललं, तर उद्यानाचे काही रुपये बुडतील. त्या खोट्याने मुलाच्या अंगावरचा सुरक्षा दांडा सैल होत नाही.

हा बदल दुसरीकडे झालेलाही आहे. चीनमध्ये रेल्वेचं मुलांचं तिकीट कित्येक वर्षं उंचीवर ठरायचं : १.२ ते १.५ मीटरच्या मुलाला सवलत. मुलं उंच होत गेली, पालकांच्या तक्रारी वाढल्या, आणि १ जानेवारी २०२३ पासून तिथल्या रेल्वेने ही सवलत वयावर नेली. त्याआधी, २०१९ मध्ये, ग्वांगदोंग प्रांतातल्या ग्राहक परिषदेने चिमलाँग या प्रचंड मोठ्या मनोरंजन उद्यान समूहाला याच मुद्द्यावर कोर्टात खेचलं होतं. वयाने लहान पण अंगाने उंच असलेल्या मुलावर अन्याय होतो, हे त्यांचं म्हणणं होतं. आपल्याकडे ग्राहक चळवळीची परंपरा जुनी आहे, पण हा प्रश्न कुणी हातात घेतल्याचं दिसत नाही.

आता दुसऱ्या पट्टीकडे, म्हणजे राइडच्या दाराशी असलेल्या रेघेकडे येऊ. ही रेघ कुणा व्यवस्थापकाच्या मनात आलं म्हणून मारलेली नसते. राइड बनवणारी कंपनी आसन, दांडा, वेग आणि वळणं यांचं गणित मांडून किमान उंची ठरवते आणि उद्यानाला देते. उद्यान ती वाढवू शकतं. कमी करण्याचा अधिकार त्याला नाही. परदेशी उद्यानांत ३६, ४२, ४८, ५४ इंच हे आकडे वारंवार दिसतात. आपल्या मापात ते साधारण ९१, १०७, १२२ आणि १३७ सेंटिमीटर होतात. अमेरिकेतल्या एएसटीएम या संस्थेची एफ-२४ समिती १९७८ पासून मनोरंजन राइडची मानकं लिहिते आहे. युरोपचं ईएन १३८१४ आहे, आंतरराष्ट्रीय पातळीवर आयएसओ १७८४२ आहे आणि भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५४७५ आहे. कुणाला राइडवर घ्यायचं, कुणाला नाही आणि घेतलेल्याला जागेवर कसं धरून ठेवायचं, याचा विचार या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे.

धरून ठेवणं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. कोस्टरची गाडी एखाद्या उंचवट्यावरून वेगाने खाली वळते तेव्हा गाडी रुळांना धरून खाली जाते, पण आत बसलेल्याचं शरीर आधीच्याच दिशेने पुढे-वर जाऊ पाहतं. क्षणभर बूड आसनावरून उचललं जातं. शौकीन लोक याच क्षणासाठी पैसे देतात. त्या क्षणी माणसाला गाडीत ठेवणारी एकच गोष्ट असते : मांडीवर आडवा आलेला दांडा किंवा खांद्यांवरून खाली ओढलेलं कवच. दांडा मांडीच्या वरच्या भागावर, कमरेच्या खोबणीजवळ बसला, तर तो काम करतो. लहान मुलाची मांडी बारीक असते आणि आखूडही. दांडा शेवटच्या खाचेपर्यंत 'कट्' करून बसला तरी खाली पोकळी राहते, आणि मूल त्या पोकळीतून पुढे घसरू शकतं. खांद्याच्या कवचाचंही तसंच. ते प्रौढाच्या धडाच्या लांबीचा विचार करून बनवलेलं असतं. छोट्या मुलावर ते थोरल्या भावाचा शर्ट चढवल्यासारखं बसतं : खांदे कवचाला लागतच नाहीत, डोकं टेकणाच्या खालीच राहतं, पाय जमिनीपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे स्वतःला रोवून धरायला आधारही मिळत नाही.

मानेचा मुद्दा याहून गंभीर आहे. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या साधारण पाव असतं. प्रौढाचं सातव्या-आठव्या हिश्श्याइतकं. मधल्या वयात हे प्रमाण हळूहळू बदलत जातं. म्हणजे सहा वर्षांच्या मुलाच्या नाजूक मानेवर शरीराच्या मानाने बरंच जड डोकं असतं. गाडीने झटक्यात वळण घेतलं की हे डोकं बाजूला फेकलं जातं आणि ते आवरायला मानेचे स्नायू पुरे पडत नाहीत. मूल रडत नाही, उलट हसतं आहे, यावरून त्याच्या मानेवर काय चाललं आहे ते कळत नाही.

दोघांच्या बाकावर एकच दांडा असतो तेव्हा तर पालकांचा एक जुना समज उलटा पडतो. "मी आहे ना शेजारी, धरून बसतो," असं बाबा म्हणतात. पण सामाईक दांडा जो जाड, त्याच्या मांडीवर येऊन थांबतो. बाबांच्या मांडीपाशी तो घट्ट बसला, की शेजारच्या मुलापाशी त्याच दांड्याखाली वीतभर जागा मोकळी राहते. बाबा शेजारी बसल्यानेच ती जागा तयार झालेली असते. आणि वेगात असलेल्या गाडीत वीस-पंचवीस किलोचं मूल एका हाताने धरून ठेवणं कुठल्याही माणसाच्या ताकदीबाहेरचं आहे, कारण त्या क्षणी मुलाचं शरीर हाताला अचानक आणि जोराची ओढ देत असतं.

मग वय का नको? कारण दांड्याला वय कळत नाही. आठ वर्षांच्या दोन पूर्ण निरोगी मुलांच्या उंचीत वीस सेंटिमीटरचा फरक सहज असू शकतो. म्हणजे तिकीट वयावर हवं आणि राइड उंचीवर. दोन प्रश्न वेगळे आहेत, म्हणून दोन मापंही वेगळी हवीत.

एवढं सगळं उंचीच्या बाजूने सांगितल्यावर तिची मर्यादाही सांगायला हवी. रेघ ओलांडली म्हणजे मूल सुरक्षित, असं मानून चालणारी उद्यानं जगभर आहेत आणि त्याची किंमत मुलांनी मोजली आहे. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत 'फेरुक्त' नावाची पाण्याची घसरगुंडी २०१४ मध्ये सुरू झाली. ५१ मीटरहून उंच, त्या काळी जगात सर्वांत उंच. आधी तिच्यासाठी किमान १४ वर्षं वयाची अट जाहीर झाली होती. नंतर ती काढून टाकली आणि ५४ इंच उंची पुरेशी ठरवली. तिघांच्या तराफ्याचं एकूण वजन विशिष्ट मर्यादेत असावं, अशीही अट होती. ७ ऑगस्ट २०१६ रोजी दहा वर्षांचा मुलगा दोन मोठ्या बायकांच्या पुढे तराफ्यात बसला. दुसऱ्या चढावर तराफा हवेत उडाला, वरच्या जाळीच्या लोखंडी कमानीला मुलगा आदळला आणि जागीच गेला. उंचीच्या अटीत तो बसत होता. चूक घसरगुंडीच्या रचनेतच होती, आणि रचनेतली चूक दाराशी उभ्या केलेल्या पट्टीने पकडता येत नाही. पुढच्या वर्षी कॅन्सस राज्याला राइडच्या तपासणीचा कायदा कडक करावा लागला. घसरगुंडी २०१८ मध्ये पाडली गेली.

दुसरं उदाहरण फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचं. २४ मार्च २०२२ च्या रात्री तिथल्या उंच 'फ्री फॉल' मनोऱ्यावरून चौदा वर्षांचा मुलगा खाली पडून गेला. तो बुटका नव्हता. सहा फुटांच्या वर उंच आणि अंगाने भरलेला होता. बनवणाऱ्या कंपनीच्या पुस्तिकेत वजनाची मर्यादा १३० किलो होती आणि शवविच्छेदनात त्याचं वजन १७३ किलोच्या आसपास भरलं. चौकशीत निघालं ते आणखी अस्वस्थ करणारं होतं. मोठ्या शरीराची माणसं बसावीत म्हणून त्या आसनाचा संवेदक हाताने बदलून ठेवला होता. त्यामुळे कवच नेहमीपेक्षा बरंच उघडं असतानाही यंत्राने 'ठीक आहे' असा हिरवा दिवा दाखवला. वजनाच्या मर्यादेचा फलक नव्हता. त्या मुलाच्या नावाने फ्लोरिडाने २०२३ मध्ये कायदा केला.

आणि कोलोराडोतल्या एका डोंगरी उद्यानात ५ सप्टेंबर २०२१ रोजी सहा वर्षांची मुलगी गेली, ती उंचीमुळेही नाही आणि वजनामुळेही नाही. आसनावरचे पट्टे आधीच लावलेले होते आणि ती त्यांच्यावर बसली. पट्टा तिच्या अंगावर नव्हताच. यंत्राने इशारा दिला होता, चालवणाऱ्यांना त्याचा अर्थ लागला नाही आणि त्यांनी राइड सोडली.

म्हणजे उंचीची रेघ हा पहिला दरवाजा. त्याच्या आत आणखी दरवाजे हवेत : वजनाची वरची मर्यादा, आसनात बसवून केलेली खात्री, आणि प्रत्येक दांडा हाताने ओढून बघणारा माणूस. आपल्याकडे वरच्या मर्यादेबद्दल बोलणं लोकांना अपमानास्पद वाटतं, म्हणून उद्यानंही ती बारीक अक्षरांत कुठेतरी लिहून मोकळी होतात. ती रेघेइतक्याच मोठ्या अक्षरांत दाराशी लिहिली पाहिजे. युनिव्हर्सलच्या उद्यानांत काही राइडच्या बाहेरच एक नमुन्याचं आसन ठेवलेलं असतं. माणसाने बसून बघावं, कवच बसतं का ते पाहावं, नसेल बसत तर रांगेत तासभर उभं न राहता परत जावं. चारचौघांत उठवलं जाण्यापेक्षा हे कितीतरी माणुसकीचं आहे. अंगाने स्थूल माणसाला त्याचा उपयोग आहे, तसाच वयाने मोठ्या पण उंचीने कमी असलेल्या माणसालाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खुजेपणा स्पष्टपणे नोंदला आहे. अशा प्रौढाला 'लहान मुलांच्या राइडकडे जा' असं सांगणं क्रूर आहे. त्याचा प्रश्न आसनाच्या मापाचा आहे. तो आसनातच तपासला जावा आणि उत्तर नकारार्थी असेल तर कारणासह, नीट शब्दांत दिलं जावं.

भारतातल्या मोठ्या अपघातांकडे पाहिलं तर गाठ आणखी वेगळ्या जागी दिसते. अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळ १४ जुलै २०१९ रोजी झोके घेणारी मोठी राइड मधून तुटली; दोघं गेले, पंचविसेक जण जखमी झाले. मोहालीत सप्टेंबर २०२२ मध्ये जत्रेतला उंच पाळणा माणसांसह खाली आदळला. दिल्लीत एप्रिल २०२५ मध्ये रोलर कोस्टरवरून पडून चोवीस वर्षांची तरुणी गेली. यातल्या कुठल्याही अपघातात उंचीच्या रेघेचा संबंध नव्हता. तुटलेलं लोखंड आणि न झालेली देखभाल हेच कारण होतं किंवा तसे आरोप झाले. राजकोटच्या गेम झोनमध्ये मे २०२४ मध्ये लागलेल्या आगीने सत्तावीस जीव घेतल्यावर गुजरातने राइड आणि गेम झोनसाठी नवे सुरक्षा नियम केले. एवढी माणसं गेल्याशिवाय नियम होत नाहीत, ही आपली जुनी सवय आहे. ती मोडायची असेल तर अपघात न झालेल्या राज्यांनी आधी हालचाल करायला हवी, आणि महाराष्ट्र त्यात पहिला असायला हवा. देशातली काही मोठी उद्यानं इथे उभी राहिली : मुंबईजवळ गोराईचं एस्सेल वर्ल्ड १९८९ सालचं, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ चं. एका पिढीचं बालपण या जागांनी रंगवलं आहे.

त्या बालपणात ज्याला दाराशी थांबवलं गेलं, त्याचं काय? हा भाग हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शाळेची सहल डोळ्यांसमोर आणावी. पाचवीचा वर्ग, मुलं दहा वर्षांची. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार या वयाच्या मुलामुलींची मधली उंची १३८ सेंटिमीटरच्या आसपास येते. म्हणजे १४० ची रेघ बरोबर वर्गाच्या मधून जाते. निम्मा वर्ग आत, निम्मा बाहेर. बाहेर उभ्या राहणाऱ्यांत बहुधा तीच मुलं असतात ज्यांना प्रार्थनेच्या रांगेतही सगळ्यांत पुढे उभं केलं जातं. पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय बालरोग अकादमीसाठी २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांच्या भारतीय मुलांचे वाढीचे तक्ते तयार केले. आपल्या मुलांची उंची पाश्चात्त्य तक्त्यांवर मोजू नये, हे त्यामागचं एक कारण. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. ती मुलं आता शाळेत आहेत. त्यातली बरीचशी आश्रमशाळांतून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून वर्षातून एकदा अशा सहलीला येतात. नऊ-दहा वर्षांच्या अशा मुलाला सहा वर्षांच्या मुलासाठी आखलेली रेघ अडवते, तेव्हा ती त्याच्या आधीच्या सगळ्या उपाशी वर्षांचा हिशेब त्याच्यासमोर मांडत असते.

तरीही रेघ खाली आणता येणार नाही. लोखंडी दांडा कुणाची गरिबी बघून घट्ट होत नाही. करता येईल ते वेगळं आहे. सहल नेणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना राइडनिहाय उंचीचा तक्ता आठवडाभर आधी मिळावा, शाळेतच मापं घेतली जावीत, आणि निम्मा वर्ग मोठ्या राइडवर असताना उरलेल्या निम्म्यांसाठी तितकीच रंगणारी दुसरी राइड ठरलेली असावी. कोण कुठे जाणार हे मुलांना बसमध्ये बसण्याआधी माहीत असलं, तर दाराशी रडारड होत नाही. उद्यानांच्या संकेतस्थळावर हा तक्ता असतोही बऱ्याचदा, पण इंग्रजीत आणि चार क्लिक आत.

पेनसिल्व्हेनियातल्या हर्शीपार्कने हेच माप मुलांना हवंहवंसं करून टाकलं आहे. हर्शी ही चॉकलेट कंपनी. तिच्याच नावाच्या या उद्यानात उंचीच्या गटांना चॉकलेट-गोळ्यांची नावं आहेत. ३६ ते ४२ इंचांचं मूल 'किसेस', पुढच्या सहा इंचांत 'रीसेस', मग 'हर्शीज'. आत शिरताना एकदाच माप घेतात आणि त्या गटाची खूण देतात. मूल पुढच्या वर्षी वरच्या गटात गेलं, की घरचे ते वाढदिवसासारखं साजरं करतात. सकाळी एकदाच माप घेण्यात शास्त्रही आहे. दिवसभर उभं राहून, चालून मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळपर्यंत माणसाची उंची काही मिलिमीटरांनी, कधी सेंटिमीटरभर कमी भरते. रेघेच्या अगदी काठावरचं मूल सकाळी आत आणि संध्याकाळी बाहेर ठरू शकतं. प्रत्येक राइडपाशी नव्याने मापण्यापेक्षा आत येताना बूट काढून एकदा नीट मापलं, मनगटावर पट्टा बांधला, की दिवसभराचा वाद मिटतो.

डिस्नेच्या उद्यानांत आणखी एक सोय आहे आणि ती आपल्याकडे उद्यापासून करता येईल. फ्लोरिडात 'स्पेस माउंटन'ला किमान ४४ इंच उंची लागते, 'ट्रॉन'ला ४८ इंच. धाकटं भावंड अटीत बसत नसेल, तर आई बाहेर त्याच्यापाशी थांबते आणि बाबा थोरल्याला घेऊन जातात. ते परत आले, की आईला पुन्हा रांग लावावी लागत नाही. ती थेट जाते. धाकट्याला कसंही करून आत घुसवण्याचा मोह होतो, कारण दुसरा पर्याय म्हणजे दोघांपैकी एकाने मजा सोडायची. हा पर्यायच बदलला तर मोह बराच कमी होतो. यात यंत्र बसवावं लागत नाही, इमारत उभारावी लागत नाही. एक चिठ्ठी पुरते.

मोठ्या उद्यानांचं हे झालं. महाराष्ट्रातली बहुतांश मुलं मात्र पहिल्यांदा पाळण्यात बसतात ती जत्रेत. सोलापूरला संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, होम मैदानावर आकाशपाळणे उभे राहतात. माहीमच्या जत्रेत, गावोगावच्या उरुसांत टोरा टोरा, ब्रेक डान्स, झुलती नाव असते. तिथे रेघ बहुधा नसतेच. पाळणेवाला मुलाकडे एकदा बघतो आणि म्हणतो, "मांडीवर घ्या." मांडीवर घेतलेलं मूल कशानेही बांधलेलं नसतं. साखळी असते ती पाळण्याच्या दाराला, माणसाला नाही. या पाळणेवाल्यांबद्दल आकस ठेवण्याचं कारण नाही. लोखंड उचलून, खोलून, पुन्हा जोडून वर्षभर गावोगाव फिरणारी ही माणसं आहेत आणि त्यातले बरेच आपल्या यंत्राची काळजी जिवापाड घेतात. पण त्यांना कुणी किमान उंची सांगितलेली नाही, आणि परवानगी देणाऱ्यांनी ती विचारलेली नाही. पाळणा लावायला परवानगी मिळते तेव्हा सांगाडा, मोटार, वीजजोडणी यांची कागदपत्रं बघितली जातात. त्याच कागदात दोन ओळी वाढवायला हव्यात : या पाळण्यासाठी किमान उंची किती, आणि ती पट्टी तोंडाशी रंगवली आहे का.

दारावर उभा असलेला पोरगाही या सगळ्यात एकटा पडलेला असतो. उद्यानात असो वा जत्रेत, तो बहुतेक वेळा विशी-बाविशीचा, रोजंदारीवरचा. समोर गाडीतून आलेलं, चिडलेलं कुटुंब. "मॅनेजरला बोलवा," म्हटलं की त्याचा धीर सुटतो, कारण मॅनेजर येऊन एखाद वेळी "जाऊ दे रे" म्हणतो हे त्याने पाहिलेलं असतं. त्याच्या 'नाही'ला वरून कुणीही 'हो' करू शकत नाही, हे लेखी असलं पाहिजे आणि ते पाहुण्यांना दिसेल असं लावलेलं असलं पाहिजे. जत्रेतल्या पाळण्यावर पट्टीशेजारी आणखी एक गोष्ट रंगवावी : परवानगी देणाऱ्या कार्यालयाचा फोन नंबर आणि तपासणीची तारीख. म्हणजे मांडीवर मूल घेऊन बसलेल्या आजीला पाळणा सुरू होण्याआधी विचारता येईल, हे शेवटचं कुणी आणि कधी तपासलं.